प्रेस ब्रेकच्या कंट्रोलरमध्ये साठलेले प्रोग्राम: एकाच कामाचे पाच, त्यातला खरा कोणता?

उद्यमबाग_फॅब
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. पॉवर पॅकच्या तेलाच्या टाक्या, पॅनेलचे डबे आणि गाळप सुरू व्हायच्या आधी साखर कारखान्यांची कन्व्हेअर कव्हरं, ही आमची रोजची कामं. १०० टनी, ३ मीटरचा प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, आहे आणि त्यावर डेलेम कंपनीचा टचस्क्रीन कंट्रोलर.

आमचा जुना ऑपरेटर चांगल्या पगारावर कोल्हापूरजवळ शिरोलीकडं गेला. माणूस सोन्यासारखा, आजही फोन केला की उचलतो. पण मशीनमधले सगळे प्रोग्राम त्याच्या डोक्यातल्या हिशोबानं ठेवलेले आहेत. एकाच टाकीचे टँक३०, टँक३०ए, टँक३०न्यू, टँक३०ओके आणि टँक३०फायनल असे पाच निघाले. नवीन पोरगा हुक्केरीकडचा आहे, हुशार आहे. तो एक उघडतो, पीस काढतो, माप चुकतं, मग दुसरा उघडतो. प्रत्येक वेळी एक ब्लँक (वाकवण्याआधी मापात कापलेला पत्रा) भंगारात.

तुम्ही प्रोग्राम कसे ठेवता? नावं कशी देता, करेक्शन (कोन बरोबर यावा म्हणून भरलेली दुरुस्ती) सेव्ह करता का, बॅकअप कोण घेतं, सेव्ह करायचा अधिकार कुणाला? सविस्तर सांगा.

अनगोळकर
टँक३०फायनलनंतर टँक३०फायनलओके यायचा राहिलाय. तो आला की लायब्ररी पूर्ण झाली म्हणायची. 😄

खानापूरचा_बेंडर
दादा, नावं सोडा. पाचही उघडून प्रत्येकाचं टूलचं पान बघा आधी. ऑपरेटर हौस म्हणून नवीन नावानं सेव्ह करत नाही. त्या दिवशी डाय (खालचं खाचेचं टूल) दुसऱ्या कामात अडकलेली असते, नाहीतर फ्लँज (वाकवलेली कड) छोटी आलेली असते, म्हणून तो दुसरी डाय लावतो आणि जुना बिघडू नये म्हणून वेगळा सेव्ह करतो. माझा अंदाज आहे की तुमचे काही व्ही २४ वर (२४ मिमी रुंद व्ही खाचेची डाय) आहेत आणि काही व्ही १६ वर.

उद्यमबाग_फॅब
आत्ताच बघून आलो. दोन व्ही २४ वर, दोन व्ही १६ वर, आणि पाचवा व्ही २४ वरच पण गूजनेक पंच (वरचं टूल, हंसाच्या मानेसारखं वाकडं) लावून. शीट पाचही ठिकाणी ३ मिमी एमएस (साधं पोलाद).

ड्रॉइंगवाली
मग तुमचे ब्लँक भंगारात का जातात ते यातच आलं. मी डिझाइन आणि डेव्हलपमेंट बघते, त्यामुळे हा हिशोब रोजचा आहे.

एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना, आतली त्रिज्या पंचावर कमी आणि डायच्या व्हीवर जास्त ठरते. एमएसला ती व्हीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी येते. म्हणजे व्ही २४ वर ४ मिमी आणि व्ही १६ वर २.६ च्या आसपास. के फॅक्टर (वाकताना न ताणणारी रेषा जाडीच्या किती हिश्श्यावर आहे तो आकडा) ०.४ धरून ९० अंशाला वजावट, म्हणजे बाहेरच्या मापांच्या बेरजेतून ब्लँकसाठी कमी करायचं माप, काढा. व्ही २४ वर एका बेंडला सुमारे ५.८ मिमी येते, व्ही १६ वर ५.२. फरक ०.६ चा. एका अंगाला चार बेंड असले की २.४ मिमी झाले. ब्लँक व्ही २४ च्या हिशोबानं कापलेला आणि पोरानं व्ही १६ चा प्रोग्राम उघडून तीच डाय लावली, तर अंश बरोबर येईल, बॅक गेज (पत्रा टेकवायचा मागचा अडसर) हाही बरोबर थांबेल, पण शेवटची फ्लँज कमी भरेल. पोराला वाटणार प्रोग्राम चुकला. प्रोग्राम बरोबरच असतो, ब्लँक त्याचा नसतो.

म्हणून प्रोग्रामच्या शेऱ्यात ब्लँकचं माप लिहाच. कंट्रोलरवर शेरा लिहायला जागा नसेल तर नावात व्ही तरी घाला.

आयटीआय_मास्तर
ताईंनी मापाची बाजू सांगितली, मी टनेजची सांगतो. आमच्या मुलांना एक सूत्र पाठ करायला लावतो: ६५० गुणिले जाडीचा वर्ग, गुणिले मीटरमधली लांबी, भागिले व्ही. उत्तर किलोन्यूटनमध्ये येतं. हे ४५० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीच्या साध्या पोलादासाठी. ३ मिमी शीट, १ मीटर लांबी, व्ही २४: २४४ किलोन्यूटन, म्हणजे २५ टन. तीच शीट व्ही १६ वर घेतली की ३६६, म्हणजे ३७ टनांच्या वर.

अडीच मीटरचं कव्हर असेल तर व्ही २४ वर ६२ टन लागतात आणि व्ही १६ वर ९३. तुमचं मशीन १०० टनी. चालेल, पण काठावर. आणि गूजनेक पंचाला स्वतःची मर्यादा असते, ती सरळ पंचापेक्षा बरीच कमी. पंचावर टन प्रति मीटर कोरलेलं असतं ते वाचा. टूलच्या लायब्ररीत तो आकडा नीट भरलेला असेल तरच कंट्रोलर वेळेवर अडवेल. प्रोग्राम जपायचे असतील तर आधी टूल लायब्ररी जपा, असं माझं ठाम मत आहे. टूलची उंची चुकीची भरली की त्या टूलवरचे सगळेच प्रोग्राम चुकतात आणि धडक बसायचा धोका वेगळाच.

गोकुळशिरगाव
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळे जुने प्रोग्राम पुसून टाका. आता ऑफलाइन सॉफ्टवेअर मिळतात, डेलेमचं प्रोफाइल-टी आहे, इतरांचीही आहेत. ऑफिसात ड्रॉइंगवरून प्रोग्राम करायचा आणि पेन ड्राइव्हनं किंवा नेटवर्कनं मशीनवर पाठवायचा. खरी प्रत पीसीवर, मशीनवर फक्त आजचं काम. संध्याकाळी मशीन रिकामं. आमच्याकडं असंच चालतं आणि 'कोणता खरा' हा प्रश्नच येत नाही.

खानापूरचा_बेंडर
पुसू नका! हात जोडून सांगतो.

सॉफ्टवेअर बेंडचा क्रम काढून देतं, मान्य. पण २ मीटरचा पत्रा दोन माणसांनी उचलून कसा फिरवायचा हे त्याला कळत नाही. जुन्या ऑपरेटरनं तिसरा बेंड आधी घेतलाय, कारण नाहीतर पत्रा लोंबकळतो आणि कड बॅक गेजच्या बोटावरून सुटते. बोटं झेड अक्षावर (आडवी) मध्ये सरकवली आहेत, कारण कडेला नॉच, म्हणजे खाच, आहे. आर (बोटांची उंची) थोडा वर घेतलाय, कारण आधीची फ्लँज खाली येते. दहा टाक्या करून हे कळलेलं असतं, आणि ते त्या प्रोग्रामशिवाय दुसऱ्या कुठं लिहिलेलं नाही. एक बटण दाबून ते घालवायचं? पाचातला चांगला शोधा, बाकीचे बाजूला काढा. पण पुसायचं नाव काढू नका.

गोकुळशिरगाव
बरोबर आहे काका, पण मग ते ज्ञान पीसीवरच्या प्रतीत परत यायला हवं. आमच्याकडं काम संपलं की मशीनवरचा सुधारलेला प्रोग्राम परत पीसीवर ओढून घेतो आणि मगच मशीन रिकामं करतो. ही परतीची फेरी केली नाही तर माझी पद्धतही निकामी, हे मान्य.

निपाणी_ट्रॉली
तुम्ही मोठ्या कंट्रोलरची मंडळी. आमच्याकडं ट्रॅक्टर ट्रॉलीच्या फाळक्यांचं काम, मशीन साधं टॉर्शन बारचं, त्यावर एस्टन कंपनीचा ई२१ कंट्रोलर. त्यात ४० प्रोग्राम बसतात, प्रत्येकी २५ स्टेप. नाव द्यायची सोय नाही, फक्त नंबर. वायमध्ये (पंच किती खाली जायचा त्यात) अंश भरता येत नाही, खोलीच भरावी लागते.

म्हणून आम्ही वही ठेवलीय, शंभर पानी, पुठ्ठ्याची. एका पानावर एक प्रोग्राम: वर नंबर, खाली ट्रॉलीच्या भागाची आकृती, शीटची जाडी, कोणता पंच, कोणती डाय, प्रत्येक स्टेपचा एक्स (बॅक गेजचं अंतर) आणि वाय. बेंडचा क्रम आकृतीवर गोलात आकडे घालून. पहिले ३० नंबर कायमचे, त्यांना कुणी हात लावायचा नाही. ३१ ते ४० रोजच्या किरकोळ कामाला, ते खुशाल खोडा. मशीन बिघडलं तरी वहीवरून परत भरता येतं. वाय मात्र वहीतला जसाच्या तसा कधी बसत नाही. डाय काढून परत लावली की पहिला पीस बघून थोडं कमीजास्त करावंच लागतं.

अनगोळकर
वही तेलात पडली तर?

निपाणी_ट्रॉली
पानापानाचे फोटो काढून ठेवलेत ओ. मोबाइल तेलात पडला तर मुलाकडं पण आहेत. 😄

ड्रॉइंगवाली
निपाणीच्या दादांची आकृतीची कल्पना आपल्या भागात फार कामाची आहे. आमच्याकडं एक ऑपरेटर मराठी, एक कन्नड आणि हेल्पर उत्तरेकडचे. लिहिलेला शेरा सगळ्यांना वाचता येत नाही, आकृती आणि आकडे सगळ्यांना येतात. आम्ही नावातून शब्दच काढून टाकलेत. आधी ड्रॉइंग नंबर, मग रिव्हिजन (ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती), मग जाडी, मग व्ही. उदाहरणार्थ ४१२७-बी-३०-व्ही२४. यात ३० म्हणजे ३.० मिमी. 'ओके', 'न्यू', 'फायनल' या तिघांना आमच्या शॉपमध्ये बंदी आहे.

रिव्हिजनचं विसरू नका. पार्टी ड्रॉइंगमध्ये एक भोक हलवते, एक फ्लँज ५ मिमी वाढवते आणि नंबर तोच ठेवते. जुन्या रिव्हिजनचा प्रोग्राम मशीनवर राहिला की पुढच्या ऑर्डरला तोच उघडला जातो.

चिक्कोडी_साखर
मी गिऱ्हाईकाच्या बाजूचा, कारखान्यात मेंटेनन्सला. ही शेवटची ओळ मनाला लागली म्हणून लिहितोय. दर वर्षी ऑफ सीझनला आम्ही कन्व्हेअरची कव्हरं बाहेरून करून घेतो. एका वर्षी आम्ही बोल्टच्या फ्लँजची रुंदी बदलून दिली होती. कव्हरं आली ती जुन्या मापाची. फॅब्रिकेटरनं ड्रॉइंग नवीनच घेतलं होतं, प्रोग्राम मात्र गेल्या वर्षीचा लावला. बॉयलर पेटवायची तारीख ठरलेली, मग जागेवर गॅसनं भोकं पाडून बसवली. तुम्ही लोक हा विषय इतक्या बारकाईनं बोलताय ते वाचून बरं वाटलं. आम्हाला कव्हर वेळेत आणि मापात मिळालं की झालं, पण ते कशावर अवलंबून असतं ते आज कळलं.

उद्यमबाग_फॅब
साहेब, तुमच्यासारखीच कामं आहेत आमची. रिव्हिजन नावात घालायचं हे आजच ठरलं.

करेक्शनचं कुणी बोललं नाही अजून. आमच्या टँक३०ओकेमध्ये प्रत्येक बेंडला दीड-दोन अंश करेक्शन भरलेलं आहे आणि टँक३०न्यूमध्ये शून्य. टूल तेच.

खानापूरचा_बेंडर
ओके म्हणजे त्या दिवशीच्या पत्र्याला ओके. पत्रा बदलला की ते करेक्शन गेलं.

आयटीआय_मास्तर
इथं थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

९० अंशाजवळ एक अंश बदलायला पंच किती खाली जावा लागतो, ते व्हीवर ठरतं. व्ही १६ वर साधारण ०.१४ मिमी, व्ही १२ वर ०.१, व्ही ८ वर ०.०७. आता १.६ ची शीट घ्या, जिला आपण सोळा गेज म्हणतो. एक गठ्ठा १.५५ चा आला आणि दुसरा १.६५ चा, तर व्ही १२ वर त्या ०.१ मिलिमीटरच्या फरकानंच एखादा अंश इकडंतिकडं होतो. वर पत्र्याचा कडकपणा बदलला की स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर पत्रा थोडा परत उघडतो तो) बदलतो, स्टेनलेसला तर जास्तच. हे करेक्शन त्या गठ्ठ्याचं असतं, कामाचं नसतं. ते सेव्ह केलं की पुढच्या गठ्ठ्याला ते विष होतं.

दुसऱ्या प्रकारचं करेक्शन कामाचं असतं. तिसऱ्या बेंडजवळ मोठं कटआउट आहे, तिथं जोर कमी लागतो आणि कोन वेगळा येतो. किंवा एका टोकाला कोन कमी उघडतो म्हणून वाय१ आणि वाय२ (मशीनची डावी आणि उजवी बाजू) वेगळे द्यावे लागतात. हे पुढच्या वर्षीही लागणारच. ते जपायला हवं.

बऱ्याच ग्राफिक कंट्रोलरवर सगळ्या बेंडना एकदम लागू होणारं एक सामान्य करेक्शन असतं आणि प्रत्येक बेंडचं वेगळं असतं. गठ्ठ्याचा फरक सामान्यमध्ये टाका आणि काम संपलं की शून्य करा. बेंडचा स्वभाव त्या बेंडच्या रकान्यात ठेवा. तुमच्या टँक३०ओकेमध्ये सगळ्या बेंडना सारखंच दीड-दोन अंश असेल तर ते जवळजवळ नक्की गठ्ठ्याचं आहे. चारपैकी एकालाच वेगळा आकडा असेल तर तो खानापूरच्या काकांसारख्या कुणाच्या तरी अनुभवाचा आहे, तो ठेवा.

उद्यमबाग_फॅब
मास्तर, आत्ता बघितलं. तीन बेंडना १.५ आहे, चौथ्याला २.२. चौथ्याजवळ फिलर कॅपचं भोक आहे!

आयटीआय_मास्तर
मग १.५ सामान्य समजून काढा आणि चौथ्याला ०.७ ठेवा. पहिल्या पीसला कोन मापून खात्री करा.

गोकुळशिरगाव
हे मस्त झालं. मीही आजवर सगळंच पुसत होतो, हा ०.७ प्रत्येक वेळी नव्यानं शोधत असणार आमचा माणूस.

मशीनसर्व्हिस_मच्छे
बॅकअपवर कुणी फारसं बोललं नाही, ते मी बोलतो. सर्व्हिसला गेल्यावर तेच तेच दिसतं, म्हणून जरा लांबेल.

पहिलं, प्रोग्राम आणि टूल यांचा बॅकअप बहुतेक कंट्रोलरवर वेगवेगळा घ्यावा लागतो. लोक फक्त प्रोग्राम घेतात. मग कंट्रोलर बदलला की प्रोग्राम येतात, पण टूल सापडत नाही म्हणून उघडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे त्याच नंबरवर दुसरंच टूल असतं आणि प्रोग्राम बिनबोभाट उघडतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच तारखेच्या फोल्डरमध्ये घ्या.

दुसरं, पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, एफएटी३२ फॉरमॅट करून. मशीनचाच. त्यात गाणी नकोत, लग्नाचे व्हिडिओ नकोत. विंडोजवर चालणाऱ्या कंट्रोलरला व्हायरस लागतो तो असल्या पेन ड्राइव्हमधूनच. बॅकअप घेतला की तो ऑफिसच्या पीसीवर कॉपी करा. पेन ड्राइव्ह मशीनलाच लटकवून ठेवला तर तो बॅकअप नव्हे.

तिसरं, जुन्या मशीनमध्ये मेमरी छोट्या बॅटरीवर टिकते. दिवाळीत पंधरा दिवस मशीन बंद राहिलं आणि बॅटरी थकलेली असली की लायब्ररी गायब. स्क्रीनवर बॅटरीचा इशारा आला तर तो पुढं ढकलू नका.

आणि लाईट. आपल्याकडं दुपारी झटका येतोच. सेव्ह होत असताना लाईट गेली तर फाइल अर्धवट राहते. कंट्रोलरपुरता छोटा यूपीएस लावला तरी मोठं नुकसान टळतं. अख्ख्या मशीनला यूपीएस लागत नाही, पण जोडणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्या.

अनगोळकर
गाण्यांचा पेन ड्राइव्ह काढायला सांगितला तर आमचा ऑपरेटर पण शिरोलीला जाईल. 😄

निपाणी_ट्रॉली
जाणाऱ्याला कोण अडवणार? आमच्या इथून सीमेपलीकडं कागलला जायला किती वेळ लागतो, बघा की. पगार दोन-तीन हजारानं वाढला की पोरं पलीकडं, आणि तिकडची कामं कमी झाली की परत अलीकडं.

खानापूरचा_बेंडर
पोरांना दोष देऊ नका. पोट आहे. मी पण दोन ठिकाणं बदलली. पण जाताना महिनाभर नव्या माणसाला शेजारी उभं केलं आणि प्रोग्राम एकेक उघडून दाखवले. मालकानं तेवढा महिना दिला होता, हेही खरं. मालकांनी तेवढी सोय करावी, एवढंच म्हणणं.

उद्यमबाग_फॅब
काका, पटलं. जुन्या ऑपरेटरला फोन केला. येत्या रविवारी गावाकडं येतोय, दुपारी शॉपला येतो म्हणाला. जेवणाचा आणि त्याच्या वेळेचा मान ठेवीन.

आता ठरलेलं सांगतो, काही राहिलं असेल तर बोला. नाव ताईंच्या पद्धतीनं: ड्रॉइंग, रिव्हिजन, जाडी, व्ही. शेऱ्यात ब्लँकचं माप आणि पंच. गठ्ठ्याचं करेक्शन सेव्ह करायचं नाही. मूळ प्रोग्राम बदलून सेव्ह करायचा अधिकार फक्त एकाला, बाकीच्यांनी पहिल्या पीसचं माप कागदावर लिहून त्याला द्यायचं. शनिवारी प्रोग्राम आणि टूल दोन्हींचा बॅकअप, पीसीवर तारखेनं. आणि निपाणीच्या दादांची वही, आकृतीसकट, मशीनशेजारी.

प्रश्न एकच उरला. जुने काही शे प्रोग्राम पडून आहेत. ते सगळे बसून तपासायला माणूस नाही.

ड्रॉइंगवाली
सगळे तपासू नका, कधीच पूर्ण होणार नाही. आज आहे तसा पूर्ण बॅकअप घ्या आणि त्या फोल्डरला 'जुने' म्हणा. मशीनवर नवीन फोल्डर करा. एखादं काम आलं की फक्त त्याचाच जुना प्रोग्राम उघडा, टूल आणि ब्लँक ताडून बघा, पहिला पीस मापा, बरोबर आला की नव्या नावानं नव्या फोल्डरमध्ये. एक पूर्ण हंगाम गेला की ज्याला कुणी हात लावला नाही ते मशीनवरून काढा, पीसीवर राहू द्या. कारखान्यांची कामं वर्षाला एकदाच येतात, म्हणून वर्षाच्या आत काही काढू नका.

गोकुळशिरगाव
हेच करा. 'पुसा' हा माझा पहिला सल्ला मागं घेतो.

चिक्कोडी_साखर
आमच्या कव्हरच्या नव्या ड्रॉइंगवर यंदापासून रिव्हिजन ठळक टाकायला सांगतो. जुनं ड्रॉइंग परत मागून घ्यायची पद्धतही सुरू करतो, म्हणजे दोन प्रती फिरणार नाहीत.

मशीनसर्व्हिस_मच्छे
एक राहिलं. मशीनचे पॅरामीटर, म्हणजे अक्षांची आणि व्हॉल्व्हची सेटिंग, ही या दोन्ही बॅकअपमध्ये येतातच असं नाही. ती पासवर्डच्या मागं असतात. पुढच्या सर्व्हिसला इंजिनियर आला की त्याच्याकडून तीही प्रत काढून घ्या आणि शक्य असेल तर छापील कागद पॅनेलच्या दारात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

उद्यमबाग_फॅब
पुढच्या महिन्यात एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) भेट आहे, तेव्हा काढून घेतो. डेलेमवाल्या कुणाकडं टूल लायब्ररीत गूजनेकचा आकार कसा काढायचा याचे फोटो असतील तर टाका. आमच्या पाचव्या प्रोग्राममधल्या पंचाचा आकार स्क्रीनवर सरळ पंचासारखा दिसतोय.

खानापूरचा_बेंडर
मग तो प्रोग्राम तोपर्यंत चालवू नका. पंचाचा आकार खोटा असेल तर कंट्रोलर फ्लँज कुठं आदळणार ते सांगणार नाही. रविवारी मी पण येतो, खानापूरहून तासाभराचं अंतर. पंच मोजून दोघं मिळून भरू.